गोव्याच्या दमट हवेत माल्ट एक्स्ट्रॅक्टचा साठा: किती घ्यावा आणि कसा ठेवावा

गोव्यात गेल्या काही वर्षांत लहान ब्रुअरींची बिअर नावारूपाला आली आणि ती बनते कशी, याचे कुतूहलही वाढले. त्यातून माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड अर्क, हे नाव अनेकांच्या कानावर पडले. ते थोडे थोडे विकत घेणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते की एक किलोच्या पाकिटाचा भाव आणि पंचवीस किलोंच्या गोणीतला किलोमागचा भाव यांत बरेच अंतर असते. मग साहजिकच प्रश्न पडतो की एकदाच गोण आणून ठेवली तर काय बिघडले?

या प्रश्नाची पुस्तकांत सापडणारी उत्तरे बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतून आलेली आहेत. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणाऱ्या परवान्याची अट १९६३ साली उठली आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या पातळीवर वाट मोकळी झाली. त्यामुळे या छंदाचे बरेचसे ज्ञान त्या हवामानात तयार झाले. 'थंड आणि कोरड्या जागी ठेवा' ही सूचना तिथे पुरते, कारण तिथल्या घराची खोली वर्षातला बराच काळ अठरा-वीस अंशांवर असते. म्हापशातल्या किंवा फोंड्यातल्या स्वयंपाकघरात तीच सूचना पाळायची तर अशी जागा मुळात घरात आहे कुठे, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की गोव्यात साठ्याचा आकार भावावरून ठरवू नये. आपण अर्क किती वेगाने वापरतो आणि घरात खरोखर थंड व कोरडी अशी किती जागा आहे, यांवरून तो ठरवावा. यामागची कारणे समजली की उरलेल्या गोष्टी आपापल्या ठरवता येतात.

माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे नेमके काय

बार्ली, म्हणजे सातू, भिजवून मोड आणले की दाण्यात काही विकरे (एन्झाइम) तयार होतात. मोड आलेले दाणे उबदार हवेत वाळवले की त्यांना माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून साधारण ६२ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मुरवले की विकरे पिठाची साखर करतात आणि गोड पाणी मिळते. या पाण्याला वर्ट म्हणतात. ब्रुअरीत वर्ट हॉप्स या कडवट फुलांबरोबर उकळून, थंड करून त्यात यीस्ट सोडतात. माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या कारखान्यात मात्र वर्टमधले पाणी कमी दाबाखाली आटवतात, म्हणजे ते फारसे तापवावे लागत नाही. सुमारे वीस टक्के पाणी उरेपर्यंत आटवले की दाट, मधासारखा वाहणारा द्रव अर्क मिळतो. तोच अर्क गरम हवेत फवारून वाळवला की दोन ते चार टक्केच ओलावा असलेली पावडर मिळते. जाणकार या दोन्हींना एलएमई आणि डीएमई म्हणतात. इथे आपण द्रव अर्क आणि पावडर असेच म्हणू.

द्रव अर्काला काकवी आणि पावडरीला गुळाची पूड समजले तर पुढचे बरेच काही आपोआप कळेल. काकवी उन्हाळ्यात काळपट होत जाते आणि गुळाची पूड पावसाळ्यात पाघळून तिचे खडे होतात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. माल्टच्या दोन्ही रूपांचे तसेच होते. फरक एवढाच की अर्कात साखरेबरोबर धान्यातून आलेली अमिनो आम्लेही भरपूर असतात आणि त्यामुळे रंग व चव बिघडण्याचा वेग अधिक असतो.

कायद्याचा प्रश्न आधी

माल्ट एक्स्ट्रॅक्ट हा खाद्यपदार्थ आहे. पाव, बिस्किटे आणि माल्टची पेये बनवणारे तो नेहमी वापरतात. तो विकत घेऊन घरात ठेवणे ही किराणा भरण्यासारखीच बाब आहे. त्यापासून मद्य बनवणे हा मात्र अबकारीचा विषय आहे. गोव्यात मूळच्या गोवा, दमण व दीव अबकारी शुल्क कायदा, १९६४ नुसार मद्यनिर्मितीला परवाना लागतो. काजूची फेणी गाळणाऱ्यालाही तो घ्यावा लागतो. ब्रिटन-अमेरिकेतल्या सवलती वाचून आपल्याकडेही घरगुती वापराला आपोआप सूट असेल, असे कोणी धरून चालू नये. बिअर बनवण्याचा विचार असेल तर आधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन लेखी माहिती घ्यावी आणि मगच गोणीचा भाव विचारावा. या लेखातले साठवणुकीचे नियम परवानाधारक लहान ब्रुअर, बेकरीवाले आणि घरी माल्टचा पाव करणारे या सगळ्यांना सारखेच लागू आहेत.

स्वस्त नेमके काय पडते

द्रव अर्क किलोमागे स्वस्त दिसतो, पण त्यात वीस टक्के पाणी आहे. एक किलो पावडरीचे काम करायला साधारण सव्वा किलो द्रव अर्क लागतो. म्हणून दोन्हींची तुलना करताना द्रव अर्काच्या भावाला सव्वाने गुणावे. समजा द्रव अर्क चारशे रुपये किलो असेल, तर तो पावडरीच्या पाचशे रुपयांच्या बरोबरीचा झाला. त्यात वाहतुकीचाही भाग आहे: द्रव अर्क मागवणारा माणूस पाण्याचेही भाडे भरतो.

आता वापराचा हिशेब पाहू. वर्टमध्ये साखर किती आहे हे त्याच्या घनतेवरून मोजतात. पाण्याची घनता १ धरली तर मध्यम ताकदीच्या बिअरचे वर्ट यीस्ट सोडण्यापूर्वी १.०४८ च्या आसपास असते. असे वीस लिटर वर्ट करायला सुमारे २.६ किलो पावडर किंवा ३.२ किलो द्रव अर्क लागतो. म्हणजे पंचवीस किलोंची गोण अशा वीस लिटरच्या नऊ-दहा खेपांना पुरते. महिन्याला एक खेप करणाऱ्याच्या घरात ती गोण नऊ-दहा महिने राहील आणि त्या काळात पावसाळ्याचा काही भाग तरी हटकून येईल. पंधरवड्याला एक खेप करणारा तीच गोण पाच महिन्यांत संपवतो. त्याने ती ऑक्टोबरात आणली तर पुढचा पाऊस येण्यापूर्वीच ती रिकामी होते. गोण तीच आणि भावही तोच असला तरी पहिल्याचा सौदा धोक्याचा आहे आणि दुसऱ्याचा चांगला.

द्रव अर्काचा शत्रू उष्णता

साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांशी संयोग पावतात तेव्हा तपकिरी रंग आणि भाजल्यासारखे वास तयार होतात. पावाच्या कडेला येणारा रंग याच क्रियेचा असतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भट्टीत ती काही मिनिटांत होते. डब्यातल्या अर्कात तीच क्रिया महिनोन्महिने हळूहळू चालू राहते. ती पूर्ण थांबवता येत नाही, तिचा वेग तेवढा कमी करता येतो.

हा वेग दोन गोष्टींवर ठरतो. पहिली गोष्ट पाणी. अगदी कोरड्या पदार्थात रेणूंना हालचाल करता येत नाही आणि फार पातळ द्रावणात ते एकमेकांपासून लांब असतात; या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेत क्रिया सर्वांत जोमाने होते, आणि द्रव अर्क नेमका त्याच अवस्थेत असतो. दुसरी गोष्ट तापमान. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणून वीस अंशांवर जो डबा दोन वर्षे चांगला राहतो, त्याला तीस अंशांवर एक वर्षदेखील मिळेलच असे नाही. उलट तोच डबा फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवला तर आपल्या खोलीतल्या तापमानापेक्षा हा बदल सहा पट किंवा त्याहूनही संथ होतो. साठवणुकीच्या इतर सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी फ्रिजइतका फरक पडत नाही, म्हणून मी हा मुद्दा मुद्दाम लांबवून सांगतो आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: गूळ काळपट झाला तरी आपण खातोच, मग अर्क गडद झाला तर काय बिघडले? खाण्याच्या दृष्टीने खरोखरच फारसे काही बिघडत नाही. पण फिकट बिअर करायला घेतलेल्या अर्काची बिअर तांबूस होते, तिला शिळी, शाईसारखी किंवा शेरी नावाच्या वाइनसारखी चव येते, आणि ही चव नंतर कशानेही जात नाही. शिवाय या क्रियेत जी अमिनो आम्ले खर्च होतात तीच यीस्टचे अन्न असतात. म्हणून फार जुन्या अर्कावर यीस्ट मंद चालते. घरगुती बिअरला 'डब्याची चव' येते अशी जी तक्रार पूर्वापार ऐकू येते, तिचे कारण बहुतेक वेळा अर्काची जात नसते, तर त्याचे वय असते.

अर्क आपल्या हाती येण्याआधीच त्याने किती उष्णता सोसली, हेही विचारात घ्यावे लागते. आपल्याकडे बार्ली मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा, पंजाब या भागांत पिकते आणि माल्टचा उद्योगही बराचसा उत्तरेतच आहे. तिथून निघालेली मालमोटार एप्रिल-मेमध्ये गोव्यापर्यंत आली तर तिच्या बंद हौद्यातले तापमान काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. म्हणून डबा विकत घेताना 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' या शिक्क्यापेक्षा पॅकिंगची तारीख पाहावी आणि शक्य असेल तर मोठी मागणी डिसेंबर-जानेवारीत नोंदवावी. त्याच वेळी घटकांची यादीही वाचावी: बिअरसाठी बार्ली माल्ट आणि पाणी एवढेच लिहिलेला अर्क हवा. दूध पावडर, साखर किंवा कोको घातलेली माल्टची पेये या कामाची नाहीत. हॉप्स आधीच घातलेला अर्क वेगळा मिळतो आणि तो पावासाठी कडू लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

उघडलेल्या डब्याची गोष्ट वेगळी आहे. द्रव अर्कात साखर इतकी दाट असते की त्यात बुरशी व जंतू सहसा वाढू शकत नाहीत. पण हे संरक्षण त्याच्या दाटपणात आहे. फ्रिजमधून काढलेल्या थंड डब्याचे झाकण पावसाळी हवेत उघडले की आतल्या बाजूला दव धरते, ते थेंब पृष्ठभागावर पडतात आणि वरचा पातळ थर तेवढा सौम्य होतो. बुरशीला आणि साखर सोसणाऱ्या काही रानटी यीस्टना तेवढा थर पुरतो. म्हणून मोठा डबा एकदाच उघडावा आणि त्याच बैठकीत त्याची वाटणी करावी. बंद डबा चाळीस-पन्नास अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवला की अर्क सहज वाहू लागतो. उकळून निर्जंतुक केलेल्या आणि पूर्ण कोरड्या काचेच्या बरण्यांत तो काठोकाठ भरावा, म्हणजे वर हवा राहत नाही. एका खेपेला लागणारा ३.२ किलो अर्क सुमारे २.३ लिटर जागा घेतो, त्यानुसार बरण्या निवडाव्यात. अर्धवट बरणी ठेवणे भागच असेल तर स्वच्छ प्लास्टिकचा कागद अर्काच्या पृष्ठभागाला चिकटवून मग झाकण लावावे.

पावडरीचा शत्रू ओलावा

पावडरीत पाणी इतके कमी असते की मायार अभिक्रिया फार मंदावते; बंद पाकीट आपल्या खोलीच्या तापमानालाही द्रव अर्कापेक्षा बराच काळ चांगले राहते. पण ही कोरडेपणाची अवस्था फार नाजूक आहे. फवारून वाळवलेल्या साखरेला स्फटिक होण्यास वेळ मिळालेला नसतो. तिचे कण टणक असले तरी आतून विस्कळीत रचनेचे असतात आणि ते हवेतले पाणी झपाट्याने ओढतात. ओलावा काही टक्क्यांनी वाढला की हे कण साध्या तापमानालाच मऊ पडतात, एकमेकांना चिकटतात आणि पाकिटाची वीट होते. तशी वीट फेकायची गरज नाही. तिला बुरशी किंवा आंबूस वास नसेल तर ती फोडून गरम पाण्यात विरघळवता येते. पण एकदा ओलावा आत गेला की रंग बदलण्याची क्रियाही जोर धरते, म्हणून तिला पुढच्याच खेपेत वापरून टाकावे.

दमट हवेची भीती नेमकी किती बाळगावी, हे आकड्यांनी पाहणे उपयोगी आहे. जुलैत आपल्याकडे हवा सत्तावीस अंशांच्या आसपास आणि आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्के असते. अशा एक घनमीटर हवेत वीस ते पंचवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. दहा लिटरच्या डब्यात कोंडलेल्या हवेत मग पाव ग्रॅमहूनही कमी पाणी उरते, आणि तेवढे सिलिका जेलची लहान पुडी सहज शोषते. म्हणजे डब्यात कोंडलेली हवा हा खरा धोका नाही. धोका आहे तो वारंवार झाकण उघडण्यात, ओल्या चमच्यात, वाफ आत सोडणाऱ्या पातळ प्लास्टिकमध्ये आणि दव धरण्यात. त्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांवर असतो. त्याहून थंड असलेली कोणतीही वस्तू त्या हवेत आणली की तिच्यावर पाणी साचते. म्हणून पावडर फ्रिजमध्ये ठेवली असेल तर पाकीट बाहेर काढून तासन्‌तास बंदच ठेवावे, ते पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आले की मगच उघडावे. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या पाकिटालाही हाच नियम लागू आहे, आणि तो बहुतेक जण विसरतात.

गोण आणल्यावर तिची वाटणी कोरड्या दिवशी किंवा वातानुकूलित खोलीत करावी. एका खेपेच्या मापाचे आणि काही अर्ध्या किलोचे असे भाग ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पाकिटांत भरून उष्णतेने सील करावेत. हे पाकीट साध्या पॉलिथिनपेक्षा वाफेला फार चांगले अडवते. ही पाकिटे रबरी कडी असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत. तांदळाची पुरचुंडी हे काम नीट करत नाही. काही निळ्या रंगाच्या सिलिका जेलमध्ये कोबाल्टचे क्षार असतात, त्यामुळे ते पावडरीला लागू देऊ नये. नारिंगी रंगाचे जेल घेणे बरे. प्रत्येक पाकिटावर आणि बरणीवर पॅकिंगची तारीख लिहावी. मुंग्यांबद्दल गोव्यातल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

पुरुमेंताची रीत इथे का लागू पडत नाही

मे महिन्यात मिरची, मीठ, चिंच, सोलं, सुके मासे असे पुरुमेंत भरून पावसाळ्याची बेगमी करणे हे गोव्याच्या घराघरांत मुरलेले शहाणपण आहे. त्याच सवयीने माल्टही मे महिन्यात भरून ठेवावे असे वाटते. पण पुरुमेंताचे जिन्नस उन्हात कडक वाळवलेले किंवा मिठात, आंबटात मुरलेले असतात आणि थोडा रंग बदलला तरी त्यांचे काम अडत नाही. माल्टच्या बाबतीत मे महिना खरेदीला सर्वांत वाईट आहे: माल सर्वांत उष्ण प्रवास करून येतो आणि लगेच सर्वांत दमट चार महिन्यांना सामोरा जातो. माझ्या मते ऑक्टोबर ते जानेवारी या काळात मोठी खरेदी करावी, मे अखेरपर्यंत साठा उतरवत आणावा आणि पावसाळ्यात लागेल तेवढीच सीलबंद पावडर ठेवावी.

काही जण म्हणतील, फ्रिजची वीज आणि पाकिटांचा खर्च धरला तर बचत उरते कुठे? आक्षेप रास्त आहे. केवळ अर्कासाठी दुसरा फ्रिज घ्यावा लागत असेल तर मोठी खरेदी करूच नये. घरच्या फ्रिजमध्ये दोन-तीन बरण्यांची जागा सहज निघत असेल तरच द्रव अर्क मोठ्या डब्यात घ्यावा, नाहीतर पावडरीकडे वळावे. गोव्यापुरते बोलायचे तर बहुतेक घरांना पावडरच अधिक मानवेल, कारण ओलावा चांगल्या पाकिटाने अडवता येतो, पण उष्णता अडवायला वीजच लागते आणि पावसाळ्यात ती कधी जाईल याचा भरवसा नसतो. तीन-चार जणांनी मिळून एक गोण घेणे हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. ज्या दिवशी गोण येईल त्याच दिवशी सगळ्यांनी जमून वाटणी करावी, उघडी गोण कोणा एकाच्या घरी पडून राहू देऊ नये.

जुना अर्क ओळखावा कसा

नवीन माल आला की त्यातला थोडा भाग लहान सीलबंद पाकिटात फ्रिजमध्ये बाजूला ठेवावा. पुढे शंका आली की जुन्या साठ्यातली शंभर ग्रॅम पावडर, किंवा सव्वाशे ग्रॅम द्रव अर्क, गरम पाण्यात विरघळवून एक लिटर करावी आणि राखून ठेवलेल्या नमुन्याचेही त्याच प्रमाणात थोडे द्रावण करून दोन्ही पांढऱ्या कागदासमोर धरावीत. रंगातला फरक लगेच दिसतो. मग दोन्ही चाखून पाहावीत. रंग थोडा गडद झालेला पण चवीला स्वच्छ अर्क काळ्या बिअरसाठी, गव्हाच्या जाड पावासाठी किंवा यीस्ट वाढवण्यासाठी निर्धास्त वापरता येतो. डब्याचे झाकण फुगले असेल, पृष्ठभागावर फेस किंवा बुरशी असेल, तर वरचा थर काढून खालचा वापरण्याचा मोह टाळावा आणि पूर्ण डबा टाकून द्यावा. आणि विरघळवलेला अर्क बाटलीत भरून कधीही साठवू नये: दाट अर्काला जे संरक्षण असते ते पाणी घातल्याबरोबर संपते, आणि उकळलेल्या वर्टमध्येही बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष तयार करणाऱ्या जिवाणूंचे बीज टिकून राहू शकते. हवे तेवढेच विरघळवावे, उकळावे आणि त्याच दिवशी वापरावे.